दंतरोपण आणि देहप्रकृती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी एका दंतवैद्यास पाचारण करावे, हे कार्यकारिणीचे धाडसच म्हटले पाहिजे. नाट्यगीते, कविसंमेलन, पुरणपोळीचे जेवण या मालिकेत दंतवैद्याला सहसा स्थान नसते. आणि द्यायचेच झाले तर ते जेवण आटोपल्यावर द्यावे, असेच कोणीही म्हणेल. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ उभारले, त्यांपैकी जी वडीलधारी मंडळी सुदैवाने आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हा विषय अगदीच अस्थानी वाटत नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दिवाळीची चकली हे पदार्थ परमुलखात जपणे जितके अगत्याचे, तितकेच ते चावता येणेही अगत्याचे आहे.

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचे मूळ बसवून त्यावर नवा दात उभा करणे, याला दंतरोपण म्हणतात. व्यवहारात आपण सारे त्यास इम्प्लांट म्हणतो. या उपचारासाठी येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "इम्प्लांट कोणत्या कंपनीचे? स्वित्झर्लंडचे, कोरियाचे की आपल्याकडचे?" दुसरा प्रश्न अर्थातच खर्चाचा. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु "माझ्या प्रकृतीला हे मानवेल काय?" असे क्वचितच कोणी विचारतो, आणि आमच्या मते पहिला मान त्याच प्रश्नाचा आहे. इम्प्लांट बसवतो दंतवैद्य. पण ते रुजवतो रुग्णाचा देह. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच. बाकीचे सारे या एका वाक्याचे विवरण समजावे.

हे रुजणे म्हणजे काय, ते प्रथम पाहू. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमचे एक बारीक उपकरण हाडात बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढू गेले, तो निघेना. हाड त्या धातूला थेट चिकटून वाढले होते. मधे कोणताही मऊ पडदा उरला नव्हता. या गोष्टीचे मर्म ओळखून त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले. २००६ साली त्या रुग्णाचा मृत्यू झाला, तोवर ते इम्प्लांट जागेवर होते. १९८२ साली टोरांटो येथे भरलेल्या परिषदेनंतर जगाच्या इतर भागांत या पद्धतीचा प्रसार झाला. सांप्रत, रुग्णाची निवड नीट केलेली असेल, तर दहा वर्षांनंतरही शंभरांतील सुमारे पंचाण्णव इम्प्लांट टिकून असल्याचे दिसते.

मग उरलेली पाच का जातात? याचे उत्तर समजण्यासाठी हाडाचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे. हाड म्हणजे घराच्या भिंतीसारखी निर्जीव वस्तू नव्हे. त्यात जुने हाड विरघळवणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी अहोरात्र कामावर असतात. इम्प्लांट बसवले त्या दिवशी ते घट्ट वाटते, ते केवळ स्क्रूच्या आट्यांच्या पकडीमुळे. त्यानंतर भोवतालचे दुखावलेले हाड विरघळू लागते आणि नवे हाड हळूहळू त्याची जागा घेते. या अदलाबदलीत, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास, इम्प्लांटची पकड सर्वांत कमी असते. भाताचे रोप खाचरात लावल्यावर पहिले काही दिवस पिवळे पडते आणि मगच तरारते, तसाच हा प्रकार आहे. रुजवणीला जुन्या रिवाजाप्रमाणे खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने आणि वरच्या जबड्यात पाच-सहा महिने दिले जात. नव्या पद्धतींनी हा काळ पुष्कळ कमी झाला आहे, आणि निवडक रुग्णांत तात्पुरता दात लगेचही बसवता येतो. तथापि हाडाला जे काम करावे लागते, ते काही चुकलेले नाही.

या रुजवणीस तीन गोष्टी लागतात : भरपूर रक्तपुरवठा, हाडाची झीज आणि भर यांचा समतोल, आणि जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती. शरीराचा जो आजार वा जे औषध या तिहींपैकी एकास बाध आणते, ते इम्प्लांटलाही बाध आणते. ही तिन्ही सूत्रे ध्यानात ठेवली, म्हणजे पुढची यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

यादीतले पहिले नाव मधुमेहाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. तेव्हा या सभागृहातही त्यांची संख्या थोडी नसावी. रक्तात साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात, नवे हाड घालणाऱ्या पेशी मंदावतात आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ घटते. म्हणजे आमच्या तिन्ही सूत्रांना एकाच वेळी धक्का बसतो. मात्र यावरून 'मधुमेह आहे, म्हणून इम्प्लांट नाही' असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे आहे. ज्यांची साखर ताब्यात आहे, त्यांचे इम्प्लांट निरोगी माणसाइतकेच चांगले रुजतात, असा अनुभव आहे. प्रश्न मधुमेह आहे की नाही हा नसून, तो आटोक्यात आहे की नाही, हा आहे. त्यासाठी एका दिवसाची साखर पाहून भागत नाही. सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी पाहावी लागते. ती ७ च्या आसपास असेल तर आम्ही निर्धास्तपणे पुढे जातो. ८ च्या वर असेल तर सामान्यतः थांबतो आणि रुग्णास आधी त्याच्या वैद्याकडे पाठवतो.

या संदर्भात एका निवृत्त गृहस्थांची हकीकत सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या गावी बसवलेले त्यांचे इम्प्लांट तिसऱ्या महिन्यात हलू लागले, म्हणून ते आमच्याकडे आले. कंपनी नामांकित होती, कामातही खोट दिसत नव्हती. एचबीएवनसी केली, ती १० च्या पुढे निघाली. मग गृहस्थ हळूच म्हणाले, "गोळ्या आहेत हो, पण घरी कोणास ठाऊक नाही. सूनबाईंना कळले, तर चहातली साखर बंद होईल." तिकडच्या दंतवैद्यालाही त्यांनी आजार नाही असेच सांगितले होते, कारण मुलगा शेजारी बसला होता. ते इम्प्लांट काढावे लागले. पुढे सहा महिने त्यांनी पथ्य आणि औषध निष्ठेने सांभाळले, दुसरे बसवले, आणि ते उत्तम रुजले. चहातल्या दोन चमचे साखरेपायी एक इम्प्लांट आणि जवळजवळ एक वर्ष गेले. ही हकीकत आम्ही त्या गृहस्थांस दोष देण्यासाठी सांगत नाही. म्हातारपणी माणूस आजार लपवतो, तो बहुधा स्वातंत्र्य जाईल या भीतीने. ही भीती घरच्यांनी ओळखली पाहिजे.

दुसरे नाव तंबाखूचे. धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्त कमी मिळते, हे त्याचे मुख्य कारण. निदान एक आठवडा आधी आणि आठ आठवडे नंतर धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे, असा एक जुना संकेत आहे; आणि नऊ आठवडे बंद राहिले, तर ते कायमचेच बंद का ठेवू नये, असे आम्ही प्रत्येकाला विचारतो. परंतु आपल्या मंडळींत सिगारेटपेक्षा निराळीच सोंगे अधिक. "तंबाखू घेता काय?" असे विचारले, की कित्येक आजीबाई रागावतात, आणि "मिश्री लावता काय?" असे विचारले, की लाजून 'हो' म्हणतात. भाजलेल्या तंबाखूची ही पूड हिरड्यांवर रोज घासली जाते, हे तंबाखूचेच सेवन होय. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. मिश्री मात्र माहेरच्या डब्यातून आजही परप्रांती पोहोचते. सुपारी आणि गुटखा यांच्या सवयीने गालाच्या आतला भाग ताठर होऊन तोंड उघडेनासे होते, तो विकार तर निराळाच. ज्या तोंडात दोन बोटे जात नाहीत, त्यात इम्प्लांटचे हत्यार कसे जावे? शिवाय हा विकार कर्करोगाच्या वाटेवरचा मानला जातो. तेव्हा अशा रुग्णाने दाताचा विचार मागाहून करावा, आधी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

तिसरा विषय स्त्रियांच्या जिव्हाळ्याचा, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा. केवळ हाडे ठिसूळ आहेत म्हणून इम्प्लांट अशक्य होत नाही. काळजी घ्यावी लागते ती त्यावरील काही औषधांची. आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेऊन नंतर अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, अशी एक गोळी आपल्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे एक औषध आहे, आणि सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली दिले जाणारे एक इंजेक्शन आहे. ही औषधे हाड विरघळवणाऱ्या पेशींना आवरतात, त्यामुळे कंबरेचे व मणक्याचे हाड वाचते. पण मघाशी सांगितलेली अदलाबदल जबड्यात मंदावली, की क्वचित प्रसंगी शस्त्रक्रियेनंतर जखम भरत नाही आणि जबड्याचे हाड उघडे पडते. २००३ साली हा विकार प्रथम वैद्यकाच्या नजरेस आला. ठिसूळ हाडांसाठी औषध घेणाऱ्यांत त्याचा धोका अतिशय थोडा आहे, आणि त्यांच्यात विचारपूर्वक इम्प्लांट बसवता येतात. कर्करोग हाडांत पसरल्यामुळे हीच औषधे मोठ्या मात्रेत व वरचेवर घेणाऱ्यांत मात्र धोका बराच अधिक असतो. त्यांच्यात इम्प्लांट टाळणेच श्रेयस्कर.

येथे दोन गोष्टी आवर्जून सांगतो. पहिली ही, की ही औषधे रोजची नसल्याने रुग्ण त्यांना औषधांत धरीतच नाही. "औषध काही नाही हो, फक्त बीपीची गोळी," असे म्हणणाऱ्या आजींना सहामाही इंजेक्शन चालू असते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : दात बसवायचा म्हणून ही औषधे आपल्या मनाने कदापि बंद करू नयेत. सहामाही इंजेक्शन लांबवले वा अचानक थांबवले, तर हाडे झपाट्याने झिजून मणके मोडण्याची भीती असते. दातासाठी पाठीचा कणा पणाला लावणे हा शहाणपणा नव्हे. हे औषध अद्याप सुरू व्हावयाचे असेल, तर आधी दातांची कामे आटोपून जखमा भरू द्याव्यात आणि मग ते सुरू करावे. हा क्रम दोन्ही वैद्यांनी मिळून ठरवावा.

हेच तत्त्व हृदयरोग्यांनाही लागू आहे. स्टेंट बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात. रक्तस्राव होईल या भयाने कोणी शेजारी त्या चार दिवस थांबवावयास सांगतो. हिरडीतून येणारे रक्त आम्हांस दाबून, टाके घालून थांबवता येते. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी तशी थांबवता येत नाही. तेव्हा हृदयरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्यावाचून एकही गोळी थांबवू नये. हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर अशी ऐच्छिक शस्त्रक्रिया सामान्यतः सहा महिने पुढे ढकलावी. कृत्रिम झडप असणाऱ्यांना शस्त्रक्रियेपूर्वी तासभर प्रतिजैविक घ्यावे लागते. आणि रक्तदाब १८० वर ११० किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या दिवशी खुर्चीवर न बसता घरी परतावे, वैद्याला भेटावे. इम्प्लांट कोठे पळून जात नाही.

तोंडाच्या अथवा गळ्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक असतो. किरणांनी जबड्यातील रक्तवाहिन्या कायमच्या कमी होतात, लाळ आटते, आणि जखम भरण्याची शक्ती वर्षे लोटली तरी पूर्ववत होत नाही. तरीही काही निवडक रुग्णांत, किती मात्रा कोणत्या भागाला दिली याचे कागद पाहून, इम्प्लांट बसवता येतात, आणि अशा रुग्णाला पुन्हा चावता येणे म्हणजे पुनर्जन्मच असतो. हे काम कर्करोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी एकत्र बसूनच करावे.

इम्प्लांट एकदा रुजले म्हणजे कार्यभाग संपला, असेही नाही. खऱ्या दाताभोवती हाडाशी जोडणारे तंतूंचे वेष्टन असते. इम्प्लांटला ते नसते. त्यामुळे हिरडीच्या कडेने जंतू आत शिरले, तर भोवतालचे हाड दुखणे न होताच झिजत जाते. ज्यांचे स्वतःचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून पडले, त्यांच्यात हा धोका अधिक असतो. कारण दात गेला तरी आजाराची प्रवृत्ती जात नाही. मधुमेह आणि तंबाखू येथे पुन्हा हजर होतात. म्हणून सहा महिन्यांनी एकदा तपासणी आणि सफाई, ही इम्प्लांटच्या किमतीतच धरावी.

इतके अडथळे ऐकून कोणी घाबरू नये, म्हणून आता उलट बाजू. वय हा अडथळा नाही. सत्तरी-ऐंशीतले निरोगी माणूस इम्प्लांटला सर्वथा पात्र असते. उलट, फार लहान वय हाच अडथळा आहे. जबडा वाढत असताना बसवलेले इम्प्लांट वाढीबरोबर सरकत नाही, ते मागे राहते. म्हणून खेळताना दात पडलेल्या मुलास वाढ पूर्ण होईपर्यंत तात्पुरत्या दातावर ठेवावे. औषधाने ताब्यात असलेला थायरॉइडचा विकार वा रक्तदाब हाही अडथळा नाही. आणि ज्यांची प्रकृती खरोखरच परवानगी देत नाही, त्यांनी चांगली कवळी किंवा ब्रिज वापरण्यात कोणताही कमीपणा नाही. उत्तम बसलेली कवळी घालून सुखाने जेवणारा मनुष्य, अट्टहासाने बसवलेले इम्प्लांट वर्षभर सांभाळणाऱ्यापेक्षा अधिक सुखी असतो.

आता आपल्यासारख्या घरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांपुरते चार शब्द. रेल्वे, बँका, कारखाने, सरकारी खाती यांच्या बदल्यांमुळे आपली प्रकृतीची कागदपत्रे गावोगाव विखुरलेली असतात. आई-वडील सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. त्यांचा जुना वैद्य साताऱ्याला किंवा अकोल्याला. इंजेक्शन एका शहरात, दंतवैद्य दुसऱ्यात. स्थायिक कुटुंबात जी माहिती घरच्या डॉक्टरला तोंडपाठ असते, ती आपल्याकडे कोणालाच पूर्ण ठाऊक नसते. यास्तव प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाची एक वही करावी. तीत चालू असलेली सर्व औषधे लिहावीत, महिन्यांनी वा वर्षांनी घ्यावयाची इंजेक्शने ठळक लिहावीत, झालेल्या शस्त्रक्रियांचे कागद लावावेत, आणि एचबीएवनसीचा तीन महिन्यांच्या आतला आकडा ठेवावा. दंतवैद्याशी बोलताना आई-वडिलांना घटकाभर एकटे बोलू द्यावे. पुष्कळदा खरे उत्तर तेव्हाच बाहेर येते.

दुसरे, सुट्टीत गावी गेल्यावर तीन आठवड्यांत 'सगळे उरकून' येण्याचा हट्ट धरू नये. ज्यांची प्रकृती साधारण आहे, त्यांनी तर दोन फेऱ्यांचाच बेत करावा : एकीत मूळ बसवावे आणि टाके निघेपर्यंत राहावे, काही महिन्यांनी दुसरीत वरचा दात. तिसरे, इम्प्लांटची कंपनी, लांबी, जाडी आणि तुकडी-क्रमांक असलेले कार्ड किंवा चिकटपट्टी दंतवैद्याकडून मागून घ्यावी आणि त्याच वहीत लावावी. प्रत्येक कंपनीचे सुटे भाग आणि स्क्रू फिरवण्याचे हत्यार निराळे असू शकते. दहा वर्षांनी, बदलीच्या तिसऱ्या गावी, दात सैल झाला, तर नव्या दंतवैद्याला ते कार्डच उपयोगी पडेल.

परमुलखात येऊन रुजणे म्हणजे काय, हे या मंडळाच्या संस्थापकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही. जागा पारखून घ्यावी, घाई करू नये, आणि रुजल्यावरही निगा सोडू नये, हे त्यांनी पन्नास वर्षे आचरून दाखवले आहे. आम्ही आपल्याला दातांविषयी सांगितले, ते याहून निराळे नाही. तेव्हा पुढच्या वेळी आपल्यापैकी कोणी इम्प्लांटची चौकशी करावयास निघेल, तेव्हा कंपनीचे नाव विचारण्याआधी आपली औषधांची वही दंतवैद्यापुढे उघडावी, एवढीच विनंती. मंडळाच्या शतकमहोत्सवास आज येथे बसलेली तरुण मंडळी चकली कडाकडा फोडत उपस्थित राहोत, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.